एक झाड, दोन मुली आणि वरवंटा: अनोळखी परीकथा जोडून कादंबरी (मदत हवी आहे)

खाडीवरची

मंडळी, कादंबरी लिहायला घेतली आहे आणि मधेच अडकले आहे. इथे लोककथांची जाण असलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सिंड्रेला, हिमगौरी वगैरेंच्या वाटेला जायचं नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. त्या गोष्टी वाचकाला इतक्या पाठ असतात की काहीही नवं लिहा, तो आपला बूट कुठे पडतो तेवढंच बघत बसतो. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाचा पहिला खंड १८१२चा, दुसरा १८१५चा, आणि १८५७च्या सातव्या आवृत्तीत दोनशेहून जास्त गोष्टी. त्यातल्या आपल्यापर्यंत पोचलेल्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. उरलेल्यांतून मी दोन उचलल्या आणि तिसरी घरातली घेतली.

पहिली 'सहा हंस'. सावत्र आई सहा राजपुत्रांच्या अंगावर मंतरलेले रेशमी सदरे फेकते, त्यांचे हंस होतात. बहीण भावांबरोबर बाहेर धावत आलेली नसते म्हणून वाचते. भावांना परत माणसात आणायचं तर तिने सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही आणि एका विशिष्ट फुलाचे सहा सदरे शिवायचे. रोज संध्याकाळी पाव तास तेवढे भाऊ माणूस होतात. झाडावर बसून शिवणारी ही मुलगी राजाच्या शिकाऱ्यांना दिसते, राजा तिच्याशी लग्न करतो. सासू तिची तीन बाळं एकेक करून पळवते, तिच्या तोंडाला रक्त फासते आणि हिने पोर खाल्लं असं सांगते. ही गप्प. चितेवर चढवतात त्याच दिवशी सहा वर्षं भरतात, हंस येतात, ती सदरे फेकते. धाकट्याच्या सदऱ्याची डावी बाही राहिलेली असते, त्यामुळे त्याला हाताच्या जागी पंखच राहतो.

दुसरी 'आलरलायराउ'. राणी मरताना राजाकडून वचन घेते की माझ्याइतकी सुंदर मिळाली तरच दुसरं लग्न कर. तशी एकच असते, त्याची स्वतःची मुलगी. ती वेळ काढायला अशक्य मागण्या करते: सूर्य, चंद्र आणि चांदण्यांसारखे तीन पोशाख, शिवाय राज्यातल्या प्रत्येक जनावराच्या कातड्याचा तुकडा लावलेलं पांघरूण. राजा सगळं आणून देतो! मग ती पोशाख अक्रोडासारख्या एका फळाच्या कवचात बंद करते, तोंडाला काजळी फासते, कातडी पांघरते आणि पळते. झाडाच्या ढोलीत झोपलेली असताना शिकाऱ्यांना सापडते आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राख उपसायला लागते. माझ्या वहीत तिचं नाव हजारकातडी.

तिसरी शुक्रवारची जिवतीची कहाणी. राणीला मूल नसतं. सुईण गरीब ब्राह्मणाच्या बायकोचं बाळ जन्मताच भुयारातून राणीकडे पोचवते आणि बाळंतिणीला सांगते, तुला वरवंटा झाला. ती बाई आपलं बाळ असेल तिथे सुखरूप असो म्हणून जिवतीला अक्षता टाकत राहते.

नगर आटपाटच आहे, पण त्याला खाडी आहे, मिठागरं आहेत, पलीकडे डोंगर आणि दाट जंगल. म्हणजे ऐरोलीतल्या माझ्या खिडकीतून दिसतं तेच, इमारती वजा करून. हंसांच्या जागी रोहित (फ्लेमिंगो) घेतले आहेत.

आता अडचण. पळवलेली बाळं हे साम्य सोडलं तर तिन्ही गोष्टी नुसत्या शेजारी बसल्या आहेत. एक संपली की दुसरी, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर लोकल पकडल्यासारखं. वाचकाला जिने चढायला लावते आहे मी. काय करावं?

तिरकस

पहिला! रुमाल टाकून जागा धरली आहे.

सावत्र आई, सासू, सुईण. खलनायक सगळ्या बायकाच? आणि पोटच्या मुलीशी लग्न करायला निघालेला बाप दुसऱ्या पानावर गायब? छान चाललंय.

खाडीवरची

@तिरकस, गायब मी नाही केला हो, मूळ गोष्टीतच तो परत येत नाही. पण बोललात ते लागलं. नोंद केली आहे.

पाचपाखाडीकर

ताई, विषय झकास. मी पाल्हाळ लावणार आहे, इथले जुने लोक मला ओळखतात.

लोककथांच्या अभ्यासकांनी कथांना क्रमांक दिलेले आहेत. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी १९१०मध्ये सुरुवात केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती यादी वाढवली आणि २००४मध्ये जर्मनीच्या उथर यांनी पुन्हा नीट लावली. त्यात तुमचे सहा हंस ४५१ आणि हजारकातडी ५१० ब. हे सांगायचं कारण असं की त्या ५१०च्या घरात आपल्या शेजारची एक मुलगी राहते. कन्नडमधली हंची. तिच्या सौंदर्यावर खुद्द भावाचीच नजर फिरते, म्हणून आई तिच्या तोंडावर मातीचा मुखवटा बसवून तिला घराबाहेर काढते. ती एका श्रीमंताकडे स्वयंपाकाला राहते. ए. के. रामानुजन यांनी ही कथा इंग्रजीत आणली. कातड्याच्या जागी माती, बाकी दुखणं तेच. तुम्हाला जर्मनीला जायची गरजच काय?

दुसरं. 'सहा हंस' ही गोष्ट ग्रिमना डॉर्टशेन वाइल्ड नावाच्या शेजारच्या मुलीने सांगितली. पुढे १८२५मध्ये ती विल्हेल्म ग्रिमची बायको झाली. आणि सावत्र आयांबद्दल म्हणाल तर १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९मध्ये ग्रिमनी तिला सावत्र केली. घराघरांत वाचायचं पुस्तक, सख्खी आई अशी कशी चालेल? त्यामुळे तुमच्या सावत्र आईला तुम्ही सख्खी केलीत तरी ग्रिमसाहेब काही म्हणायच्या स्थितीत नाहीत.

तिसरं. आपल्याकडचं म्हणाल तर १८६८चं 'ओल्ड डेक्कन डेज' जरूर बघा. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या मुलीने, मेरी फ्रियरने, घरातल्या आयेकडून (मुलं सांभाळणाऱ्या बाईकडून) ऐकलेल्या गोष्टी. आयेचं नाव अ‍ॅना लिबराता डिसूझा, ते पुस्तकात रीतसर आहे आणि तिची स्वतःची हकीगतही आहे. त्यातली सूर्याबाई वाचा. सवत तिला पाण्यात ढकलते, तिथे सोनेरी फूल उगवतं, ते जाळलं तर राखेतून आंब्याचं झाड येतं आणि त्याचा आंबा दूधवालीच्या भांड्यात पडतो. मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या ठाण्यात १८९३पासून आहे, तिथल्या जुन्या कपाटांत एखादा रविवार घालवा. घरबसल्या इतकं वाचलंत तेही कौतुकाचंच म्हणा.

खाडीवरची

काका, धन्यवाद. पण हंची आणली की कन्नड, सूर्याबाई आणली की आणखी एक, असं करत माझ्याकडे तीनच्या पाच गोष्टी होतील आणि जिने तेवढेच वाढतील. मला आणखी साहित्य नको आहे, आहे त्याची शिवण हवी आहे.

वकीलीणबाई

घाईत एकच मुद्दा. ग्रिम (मृत्यू १८५९ आणि १८६३), डेन्मार्कचा परीकथाकार अँडरसन (१८७५) बिनधास्त वापरा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रामानुजन १९९३मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकातली वाक्यं, त्यांची मांडणी उचलू नका. हंचीचा मुखवटा ही लोकांची कल्पना, ती कुणाच्याही मालकीची नाही. आजकालच्या इंग्रजी कादंबऱ्यांतून एखादी कलाटणी नकळत येते, तिकडे मात्र लक्ष ठेवा.

शेकाट्या

नेरुळहून. पक्ष्यांपुरतं बोलतो.

रोहित चालतील का? ठाणे खाडीत त्यांचे मोठे थवे दिसायला लागले ते १९९०च्या दशकापासून. अभयारण्य २०१५चं, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव २०२२मध्ये. तुमचं आटपाट नगर शेकडो वर्षांपूर्वीचं असेल तर एखादा पक्षीवाला नाक मुरडेल. राजहंस म्हणजे पट्टकादंब घेतलात तर कुणी बोलणार नाही. पण मला विचाराल तर रोहितच ठेवा, कारण तुमच्या गोष्टीला त्यांच्यातलं बरंच काही फुकट मिळतं.

पिल्लू असताना रोहित करडा असतो. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. म्हणजे भाऊ पहिल्या वर्षी करडे, आणि बहिणीची वर्षं जातील तसे गुलाबी. जितके सुंदर दिसतील तितके जास्त पक्षी झालेले! तिने खाडीवर जाऊन रंग बघायचा आणि घाबरायचं.

दुसरं, रोहित मिटल्या पंखाने उभा असताना नुसता गुलाबी दिसतो. पंख उघडला की आतली उडायची पिसं काळी. धाकट्या भावाचा एक पंख राहणार आहे ना? तो मिटून दरबारात बसला तर लोक म्हणतील काय सुंदर. उघडला की काळा.

तिसरं, ते साधारण नोव्हेंबरात येतात आणि पाऊस लागायच्या सुमाराला जातात. लहान रोहित कच्छच्या रणात वीण करतात. म्हणजे पावसाचे चार महिने भाऊ नाहीतच.

खाडीवरची

अहो! चार महिने भाऊ नाहीत आणि जिवतीची कहाणी श्रावणातली! म्हणजे ती बाळंत होते तेव्हा दर वेळी खाडी रिकामी असते. आत्ता वही उघडली.

मिठागर

ताई, मी घणसोलीचा, आगरी. आमच्या आधीच्या पिढ्या मिठागरावर राबल्या. मीठ पिकतं ते पाऊस संपल्यावर, उन्हाळ्यापर्यंत. पावसात आगर बंद. तुमचे पक्षी आणि आमचं मीठ एकाच वेळी येतात नि जातात. मुलगी झाडावर चढायच्या आधी तिला आगरावर कामाला लावा. मिठात उभं राहून पायांच्या टाचा फुटतात, हातांची सालं निघतात. त्या हातांनी ती सदरे शिवणार.

आणि भावांना माणूस व्हायला रोज संध्याकाळचा पाव तास कशाला? खाडीवरच्या माणसाला घड्याळ ओहोटीचं. पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी तिथेच उतरतात. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. चतुर्थीला तीन वाजता भरती. म्हणजे तुमच्या मुलीला भावांना भेटायला कधी भर दुपारी तर कधी मध्यरात्री चिखलात उतरावं लागणार. राजाची राणी मध्यरात्री वाड्यातून बाहेर पडते म्हटल्यावर सासूला संशय येणारच. ती सासू उगाच दुष्ट वाटणार नाही.

निंबोणी

+१ @मिठागर. हे सगळ्यात भारी.

तिरकस

एक गंभीर प्रश्न. मुकी नवरी लग्नात उखाणा कसा घेणार?

मिठागर

😂 आमच्याकडे धवलारीण असते की. लग्नात धवले म्हणजे लग्नगीतं तीच गाते, नवरीच्या वतीनं सगळं बोलून टाकते.

आजीची_पोथी

उखाण्यावर हसू नका, तिथेच गोष्ट आहे. पाच सुवासिनी गोल करून बसल्या आहेत, नाव घे नाव घे चाललं आहे आणि नवरी ओठ मिटून. नवऱ्याचं नाव न घेणारी सून. पहिल्याच दिवशी अपशकुन.

पण मी खरं तर नाराजी नोंदवायला आले होते. जिवतीची कहाणी ही काही परीकथा नाही. आमच्याकडे अजूनही श्रावणात दर शुक्रवारी जिवतीच्या कागदाची पूजा होते, मुलांना औक्षण होतं, पुरण असतं. कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकायची असते. ती त्या बापाच्या घाणेरड्या गोष्टीशेजारी ठेवायची म्हणजे मला बरं वाटत नाही. राग नसावा.

निंबोणी

पोथीताई, राग कसला. पण कहाणी पुढे आठवा. तो मुलगा मोठा होऊन राजा होतो, त्याची नजर एका बाईवर जाते आणि तो रात्री तिच्या घरी जातो. ती त्याची आई. दारात वासराच्या शेपटीवर पाय पडतो, वासरू आणि गाय आपसात बोलतात तेव्हा त्याला पहिली शंका येते आणि तो मागे फिरतो. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला जर्मन वाटते ती आपल्या पाटावर आधीपासून बसलेली आहे. कहाणीने ती किती सावरून सांगितली आहे, तेवढं मात्र ताईंनी शिकण्यासारखं.

आजीची_पोथी

हं. ते वासरू लहानपणी आम्हाला गमतीचं वाटायचं. बरोबर आहे तुमचं. पण मग अक्षता टाकू द्या तिला. बोलायचं नाही ना, मग नुसत्या अक्षता टाकेल. जिवतीला शब्दच लागतात असं कुठे आहे?

कापूसकोंड्या

आख्खं आयुष्य सूतगिरणीत गेलं, मला सदऱ्याबद्दल बोलू द्या.

ग्रिमकडे ते चांदणीच्या आकाराचं फूल आहे. अँडरसनने १८३८मध्ये हीच गोष्ट अकरा भावांची करून सांगितली तेव्हा स्मशानात उगवणारी आग्यासारखी खाजरी वनस्पती घेतली. युरोपात त्या वनस्पतीचा धागा खरंच काढत, म्हणून ते पटतं. तुमच्या वहीत काय आहे? खाजकुयली असेल तर खोडा. तिच्या शेंगेवरची कूस खाजते, पण तिच्यापासून कापड होत नाही. घायपाताचा दोर होतो, रस अंगाला लागला की आगही होते, पण घायपात अमेरिकेचा, फार तर पोर्तुगीजांनंतरचा.

केवडा घ्या. खाडीकाठी येतो, पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला काटे. पानाच्या पट्ट्या काढून चटया विणतात. सदरा विणायचा तर हात रक्ताळणारच, आणि त्यात कणसाची पानं घातली तर अंगाला वास येत राहणार. चोरून काम करणाऱ्या बाईला तो वास लपवता येणार नाही.

आजीची_पोथी

केवडा! अहो, केतकीने ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने तिला पूजेतून बाद केलं. खोटं बोललेल्या फुलाचे सदरे, आणि विणणारीने तोंड उघडायचं नाही.

पाचपाखाडीकर

वा. हे मला सुचायला हवं होतं.

निंबोणी

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी सीवूड्सला बसून लोकांची हस्तलिखितं दुरुस्त करते, त्यामुळे असे जोडकाम केलेले प्रयत्न बरेच हाताखालून जातात. बहुतेक जण साम्य शोधतात. दोन्हीकडे राजकन्या, दोन्हीकडे जादू, टाका मारा. तो टाका उसवतो, कारण साम्य असलेल्या दोन गोष्टींना एकमेकींची गरजच नसते. कुठे काय राहून गेलं आहे ते शोधा. एका गोष्टीत जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर दुसरीत आहे का बघा.

'सहा हंस'मध्ये एक विचित्र जागा आहे. शिकारी झाडाखाली येऊन विचारतात तू कोण, तर ती गळ्यातली साखळी खाली फेकते. तरी जात नाहीत म्हणून कमरपट्टा, मग आणखी काही, शेवटी अंगावर एकच वस्त्र उरतं. म्हणे ते खूश होऊन निघून जावेत म्हणून. मला हे कधीच पटलेलं नाही. कोण जाईल? माणसं आणखीच थांबतील.

मग दुसरा प्रश्न: पळवलेली तीन बाळं इतकी वर्षं कुणी सांभाळली? ग्रिम एका वाक्यात सांगतात की सासूने लपवली होती आणि मग आणली. दूध कुणी पाजलं? तिसरा प्रश्न तिरकस यांचा, बाप कुठे गेला. याच्या पुढचं तुम्ही बघा.

शेकाट्या

थांबा, हजारकातडीही झाडातच सापडते ना? ढोलीत?

खाडीवरची

दोघी झाडात. एक फांदीवर, एक ढोलीत. दोघींना राजाचे शिकारी शोधतात. इतके महिने हे माझ्यासमोर होतं!

एकच झाड. एकच रात्र.

तिरकस

आता मजा येतेय. पण शिकाऱ्यांबरोबर कुत्रे असतात. ढोलीत हजार जनावरांच्या कातड्यांचा वास. कुत्रे आधी कुणाला शोधतील?

मिठागर

कुत्रे ढोलीवरच जाणार. आणि शिकारीत माणूस कुत्र्यामागे जातो. वरची वाचली, खालची गेली.

निंबोणी

मग वरचीने काय फेकलं आणि का फेकलं?

खाडीवरची

काल रात्री बसून लिहिलं. कच्चं आहे, टाकते:

"कुत्री वडाच्या बुंध्याशी आली, भुंकू लागली. ढोलीतल्या मुलीनं कातडी तोंडावर ओढून घेतली. एका कुत्र्याला वाटलं आत हरीण आहे, एकाला वाटलं आत वाघ आहे. जे धीट होतं ते पुढे झालं, जे शहाणं होतं ते मागे सरलं. शिकारी म्हणाले, भाले आणा. तेव्हा वरून गळ्यातलं पडलं. शिकाऱ्यांनी वर पाहिलं. पानांत कोण आहे, भूत आहे की बाई आहे? बोल म्हणाले, बोलली नाही. पुन्हा भाला ढोलीकडे वळला, पुन्हा वरून कमरपट्टा पडला. असं करता करता अंगावर एक लुगडं राहिलं. शिकारी खालचं जनावर विसरले, वर चढले. तिनं खाली एकदा पाहिलं. ढोलीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. राजाची माणसं तिला घेऊन गेली."

आजीची_पोथी

काटा आला. "एकाला वाटलं हरीण, एकाला वाटलं वाघ" अगदी कहाणीतलं.

निंबोणी

साखळी फेकण्याला कारण मिळालं. आता शिकार कुणाची होती ते ठरवा. माझं मत सांगू? तो राजा दुसरा कुणी नाही. पळालेल्या मुलीला शोधायला निघालेला बापच.

तिरकस

बाई!!

पाचपाखाडीकर

याला आधार आहे हो. १८१२च्या आवृत्तीत दोन राजे वेगळे आहेत की एकच, याचा मजकूर इतका गोंधळाचा आहे की अभ्यासक त्यावर वाद घालत आले आहेत. पुढच्या आवृत्त्यांत ग्रिमनी तो दुसरा राजा स्पष्ट केला. म्हणजे हे काही निंबोणीबाईंनी हवेतून काढलेलं नाही.

खाडीवरची

म्हणजे त्याला मुलगी मिळाली नाही, मुकी मिळाली. तेवढीच सुंदर. नाही म्हणू न शकणारी. आणि जी वाचली तिला हे माहीत आहे की आपल्या जागी ती गेली.

आता हजारकातडी दुसऱ्या राज्यात कशाला जाईल? ती परत येते. काजळी फासून, कातडी पांघरून, स्वतःच्याच बापाच्या मुदपाकखान्यात. बाप ताट पुढे ओढतो तेव्हा ते वाढून देणारी कोण आहे हे त्याला कधी कळत नाही.

मिठागर

आणि वरवंटा कुठला असतो? मुदपाकखान्यातलाच.

शेकाट्या

मिठागरभाऊ, तुम्ही लिहा कादंबरी.

आजीची_पोथी

सुईण वरवंटा मागायला मुदपाकखान्यात येते. रात्री, तेही बाळंतपणाच्या वेळेला वरवंटा कशाला, असं त्या पोरीच्या डोक्यात येतं. ती सुईणीमागून भुयारात जाते. बाळ तिच्याच हाती लागतं. तिन्ही वेळा.

निंबोणी

बाळं कुणी सांभाळली, सुटलं. कहाणीतला मुलगा राजा होईपर्यंतची वर्षं आणि ग्रिमची सहा वर्षं यांचा मेळ बसत नव्हता, तोही प्रश्न गेला. सगळ्यात मोठं मूल पाच वर्षांचं होईपर्यंतच गोष्ट आहे. शेवटी पान्हा फुटून दुधाची धार मुलाच्या तोंडात जाते ती चितेपाशी घ्या, जेवणाच्या पंक्तीत नको.

पाचपाखाडीकर

आणि ताई, तुमच्या पहिल्या मजकुरात एक गोष्ट राहिली आहे. हजारकातडी राजासाठी रस्सा करते आणि वाडग्याच्या तळाशी सोन्याची वस्तू टाकते. एकदा अंगठी, एकदा सोन्याचा चिमुकला चरखा, एकदा सूत गुंडाळायचं फाळकं. तीन वेळा तीन वस्तू. तुमची बाळं किती?

खाडीवरची

तीन.

काका, मी उठून घरात फेऱ्या मारते आहे. राजाला वाढायचा रस्सा तो नाहीच. वाडगं राणीकडे जातं. अंगठी, म्हणजे पहिलं जिवंत आहे. चरखा, दुसरं जिवंत आहे. तिला सगळं गाव पोरं खाणारी म्हणतं आहे आणि तळाशी सोनं दिसतं. आणि तिला हसायची बंदी आहे.

चौथ्या प्रकरणापासून सगळं मोडून पुन्हा लिहिणार. बाप शेवटी त्या चितेपाशी काय करतो ते अजून ठरत नाही, पण ते लिहिताना ठरेल. एकच बारीक शंका: जर्मन रश्श्याच्या जागी काय? सार पातळ आहे, सोनं लगेच दिसेल.

आजीची_पोथी

बाळंतीण आहे ना ती? अळीवाची खीर. दाट असते, तळ दिसत नाही. किंवा डिंकाच्या लाडवात घाला, वळतानाच आत ढकलायचं. कुणी बघणार नाही.

कापूसकोंड्या

लाडूच बरा. दासी वाटेत खीर ढवळून बघेल, लाडू कोण फोडतं.

तिरकस

लाडवात सोन्याचा चरखा दाढेखाली आला तर ती 'आई गं' म्हणेल. सहा वर्षं पाण्यात आणि भाऊ कायमचे चिखलात.

खाडीवरची

खीर.